स्मिताची उतरंड

मागच्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या घरातलं लोखंडी कपाट विकायला काढलं. भंगारवाला काटा घेऊन ओट्यावर बसलेला आणि मी तळच्या कप्प्यातली रद्दी चाळत जमिनीवर. लाइटची बिलं, आईच्या शाळेचे हजेरीपट, माझ्या लग्नातल्या आहेराची यादी. त्यातच माझी एक शंभर पानी वही निघाली. १९९३ सालची. तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. पुढे अर्थशास्त्राच्या नोट्स आणि अगदी शेवटच्या पानावर दोनदा अधोरेखित केलेलं शीर्षक: ‘स्मिता पाटील – क्रमवारी (उत्कृष्ट ते टाकाऊ)’.

टाकाऊ! एकोणिसाव्या वर्षी कुणालाही टाकाऊ ठरवायला काही लागत नाही, एक पेन पुरतं.

अकरा नावं होती. सगळ्यात वर ‘भुमिका’, सगळ्यात खाली ‘नमक हलाल’. त्यातल्या ‘भु’ला लाल शाईनं दीर्घ केलेलं. आणि नवव्या क्रमांकावर ‘उंबरठा’. त्या नऊच्या आकड्याभोवती लाल गोल, शेजारी प्रश्नचिन्ह. लाल शाई आईची. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या तपासलेल्या बाईला चूक दिसली की राहवत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत वही घरी आणली असणार, तिनं ती वाचली असणार, आणि मला एका शब्दानं न विचारता होती तिथं ठेवून दिली असणार.

वही तिच्यापुढे धरली. चष्मा वर सरकवून तिनं पान पाहिलं आणि म्हणाली, “क्रमवारी कसली, उतरंड म्हण. आणि उतरंडीत मोठा रांजण खाली असतो, ठाऊक आहे ना? तुझा ‘नमक हलाल’ बिचारा सगळ्यांचा भार घेऊन बसलाय.”

तिनं थट्टाच केली होती. पण आजीच्या माजघरातली उतरंड मला आठवली. खाली ज्वारीचा रांजण, त्यावर डाळीचं मडकं, मग लहान लहान होत शेवटी चिंच-मिठाचं बोळकं. खालचं काही काढायचं तर वरची सगळी एकेक करून उतरवावी लागायची. माझी यादीही तशीच उतरवत गेले, त्याला आता वर्ष होत आलं.

खानदेशात स्मिताबद्दल बोलताना लोक ‘आपली’ म्हणतात. जन्म तिचा पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५चा. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात. आमचं नंदुरबारही १९९८पर्यंत धुळ्यातच होतं, म्हणजे ती एका अर्थानं आमच्या जिल्ह्याची. समोर राहणारी अक्का मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, कामाला जायची. तिनं आयुष्यात सिनेमे पाहिले असतील पाच-सहा. पण पोस्टरवर स्मिता दिसली की म्हणायची, “शिरपूरनी पोर शे ती.” रंगावरून म्हणायची की नाकावरून, कोण जाणे. उन्हात तापून निघालेला तो सावळा रंग पथारीवरच्या बायकांनी आरशात रोज पाहिलेला असायचा, आणि तो पडद्यावर, तोही नायिकेच्या चेहऱ्यावर पाहायची सवय कुणालाच नव्हती.

मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची ते दिवस आम्हाला दिसलेच नाहीत, आमच्याकडे तेव्हा टीव्हीच पोचला नव्हता. दादरची मावशी सांगायची: मोठं कुंकू, काठापदराची साडी आणि तिच्या आत जीन्स. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं, मग खालचं कशाला बदला! अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या पदविका चित्रपटात तिनं १९७४ साली काम केलं आणि पुढच्याच वर्षी श्याम बेनेगलांकडे ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’. तिथून बारा वर्षं धरा. ऐंशीच्या आसपास सिनेमे, दोन राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, आणि एकतिसाव्या वर्षी सगळं संपलेलं. अकरा नावांची यादी करणं हाच मुळात आगाऊपणा होता. पण मी पाहिले होते तेवढेच लिहिले होते, आणि तेही भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. निम्म्या सिनेमांत पडद्याच्या खालच्या पट्टीत कायम पाऊस पडत असायचा.

निकष वगैरे शब्द तेव्हा माझ्याकडे नव्हते. आता यादी पाहताना मात्र कळतं, की न ठरवता एकच मोजपट्टी लावली होती: सिनेमानं तिच्या हाताला काय काम दिलंय. ज्यात ती काही भरते, उचलते, पाखडते, चढते, ते सिनेमे वर गेलेत. ज्यात तिला नुसतं उभं करून ठेवलंय, ते खाली. आमच्या वाड्यातल्या बायकांचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत. बोलताना देखील लसूण सोलत बोलायच्या. तेव्हा हात लोंबते ठेवून मोठमोठे संवाद म्हणणारी हिंदी नायिका मला खोटी वाटायची, आणि स्मिता खरी.

‘जैत रे जैत’ (१९७७) मी दुसरा लावला होता आणि तिथून तो हलणार नाही. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ठाकरांची वाडी आणि लिंगोबाचा डोंगर. मोहन आगाशेंचा नाग्या राणीमाशीवर सूड उगवायला निघालेला, आणि नावडत्या नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आलेली स्मिताची चिंधी. या सिनेमात तिला शिकवलेलं काही दिसतच नाही. कासोटा वर खोचून अनवाणी दगडावर पाय ठेवते तो पाय आधी दगड चाचपतो, मग भार टाकतो. डोंगरात वाढलेली माणसं अशीच चढतात. आईची बदली सातपुड्यात होती तेव्हा मी पावरा आदिवासी बायकांना डोक्यावर मोळी घेऊन उतरताना पाहिलंय, त्यांचे पाय असेच पडायचे. ही तर मंत्र्याच्या घरातली पोरगी, हिनं ते उचललं कुठून? राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांतून म्हणावं, तर तिथं काही डोंगर चढायचा अभिनय शिकवत नाहीत. गाणी महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडचीच, आणि चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. त्या गाण्यांमुळे सिनेमा लोकांच्या कानात राहिला आणि डोळ्यांतून थोडा निसटला, असं माझं मत आहे. गाणी येणाऱ्या दहा जणांना विचारा, शेवटी चिंधीचं काय होतं ते दोघांना सांगता येईल.

पहिला क्रमांक ‘भूमिका’चा. (दीर्घ भू. कळलं, आई.) अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेनेगलांनी केलेला, १९७७चाच. स्मिता तेव्हा बावीसच्या आत-बाहेर. अल्लड मुलीपासून हॉटेलच्या खोलीत एकटीच राहणाऱ्या थकलेल्या बाईपर्यंतचं सगळं वय तिनं त्या एका सिनेमात निभावलंय, आणि पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्याच कामाचा. अमोल पालेकरांनी रंगवलेला तो किडका, चिकट नवरा आमच्या आईला फार आवडला होता. माणूस म्हणून नाही हो. “चांगल्या दिसणाऱ्या नटानं एवढं वाईट दिसायला तयार व्हावं, याला धाडस लागतं,” असं तिचं म्हणणं.

मला ‘भूमिका’तला अमरीश पुरींच्या घरातला भाग सगळ्यात जवळचा. सिनेमा, नवरा, मित्र सगळ्याला कंटाळलेली स्मिताची उषा विनायक काळ्यांच्या वाड्यात येते आणि चक्क रमते. घर हाताखाली घेते, अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बायकोची सेवा करते, मुलाला लळा लावते. तिथं स्मिता वेगळ्याच चालीनं चालते, पदर नीट, पावलं धिमी, मालकिणीची. आणि मग एक दिवस मुलाला घेऊन जत्रेला जावंसं वाटतं, तेव्हा कळतं की या घरातून बाहेर जायची मुभा नाही. त्या क्षणी ती ओरडत नाही. तिचे हात थांबतात, बस. नऊवारीतल्या लावणीपासून ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती, ते हात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हा प्रसंग चुटपुटता वाटला होता. लग्न झाल्यावर दुसऱ्यांदा पाहिला आणि टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहिले.

‘चक्र’ (१९८१) चौथा होता. जयवंत दळवींच्या कादंबरीवर रवींद्र धर्मराजांनी केलेला. झोपडपट्टीतली अम्मा, एका बाजूला ट्रक ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला नसीरुद्दीनचा लुक्का, आणि हाताशी आलेला मुलगा. तिचा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार याचा. पण गावागावांत हा सिनेमा चालला तो उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बाईच्या पोस्टरवर. नंदुरबारला ते पोस्टर लागलं तेव्हा आईनं मला थिएटरवरून जाणारा रस्ताच बदलायला लावला. पुढे सिनेमा पाहिल्यावर कळलं, की ज्या प्रसंगासाठी लोक तिकीट काढत होते त्यात ती बाई फक्त आंघोळ करतेय. नळाला पाणी आहे तोवर, घाईघाईत, पाठ घासायला हात पुरत नाहीत अशी. ज्यांच्या घराला न्हाणी नाही त्यांच्या रोजच्या सकाळचा प्रसंग. तो विकणाऱ्यांनी विकला, बघणाऱ्यांनी बघितला, आणि बोल लागला तिला.

‘मंथन’ पाचवा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा, हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान चित्रपट महोत्सवात दाखवली आणि नंतर आपल्याकडेही थिएटरात लागली, तेव्हा पुण्यात तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. पट्टीत पाऊस न पडता! स्मिताची बिंदू दारात बसून डॉक्टर रावांकडे बघते त्या बघण्यात किती पायऱ्या आहेत ते व्हिडिओवर दिसलंच नव्हतं. संशय, कुतूहल, थोडी थट्टा, मग काहीतरी हवंसं, आणि ते कळताच लगेच म्हशीकडे वळणं. हा सिनेमा दोन जागा तरी वर चढला.

‘गमन’ आणि ‘बाजार’ मी सातवा-आठवा असे उरकून टाकले होते. ‘बाजार’बद्दल आजही तेच म्हणेन: त्यातली गाणी हलत नाहीत, सिनेमा हलतो. ‘गमन’च्या बाबतीत मात्र माझी मोजपट्टीच चुकली. उत्तर प्रदेशातल्या गावात थांबलेली खैरुन. नवरा मुंबईत टॅक्सी चालवतो. तिला सिनेमाभर काही ‘करायला’ नाही, ती वाट बघते. मी लिहिलं होतं: ‘भूमिका छोटी, वाव नाही.’ आई म्हणाली, “वाट बघणं हे काम नाही असं तुला कुणी सांगितलं?” मी गप्प बसले. ‘आक्रोश’मधली तिची नागीही तशीच, मोजके प्रसंग आणि नावापुरते संवाद. पण ओम पुरींचा भिकू सिनेमाभर ज्या एका कारणानं मुका राहतो ते कारण ती आहे. ‘आक्रोश’ मी यादीत घेतलाच नव्हता. ‘सद्गती’ही नाही, तेव्हा पाहिलाच नव्हता. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्याही आतला. नवरा दुखी मेल्यावरचा तिचा टाहो एकदा ऐकला की पुन्हा लावायचं धाडस होत नाही, म्हणून त्याला क्रमांक देणार नाही.

‘अर्थ’चं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉलेजात आम्ही सगळ्या शबानाच्या बाजूनं. स्मिताची कविता म्हणजे नवरा पळवणारी, मग तिला मार्क कसले द्यायचे! आता पाहिलं की दिसतं, त्या बाईला स्वतःचे हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही. ते सतत काहीतरी शोधत असतात, उशी, फोन, त्या माणसाची बाही. रिकाम्या हातांनी एवढं काम करता येतं, हे माझ्या मोजपट्टीत कुठंच बसत नव्हतं. असू दे. सहावा होता, सहावाच राहू दे.

आता तळाचे. ‘आखिर क्यों?’ दहावा लिहिला होता आणि पुढे ‘रडका’ असा शेरा. खरं सांगायचं तर मी तो तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा रडलेय. आमच्याकडच्या बायकांत स्मिता शिरली ती ‘भूमिका’मुळे नव्हे, या सिनेमामुळे. नवऱ्यानं फसवलं, घर सोडलं, स्वतःच्या लिखाणावर उभी राहिली, हे गोष्टीसारखं सांगता येतं. पापड लाटताना सांगितलं जायचं, त्यातली गाणी गुणगुणली जायची. कलात्मक वगैरे सिनेमा शिरपूरच्या पोरीला शिरपुरात घेऊन आला नाही, हा आणला.

आणि ‘नमक हलाल’. भर पावसात अमिताभबरोबर नाचणारी स्मिता. ते गाणं केल्यावर ती घरी जाऊन रडली, असं म्हणतात. १९८२ साल बघा: त्याच एका वर्षात ‘नमक हलाल’, ‘शक्ती’, ‘बाजार’, ‘अर्थ’ आणि ‘उंबरठा’. एकाच बाईनं एका वर्षात हे सगळं करायचं म्हणजे सकाळी एक बाई, संध्याकाळी दुसरी. व्यापारी सिनेमात नाव झालं की त्या नावावर छोटे सिनेमे विकले जातात, असा तिचा हिशेब होता म्हणतात. तसं असेल तर आईची थट्टा खरीच ठरली, मोठा रांजण खाली. माझं वाईट मत पावसातल्या नाचाबद्दल नाहीच. चिंब भिजून, पाय घसरत, खळखळून हसणारी बाई मला आज छान वाटते. वाईट वाटतं ते नंतरच्या सिनेमांबद्दल. ‘कसम पैदा करनेवाले की’, ‘डान्स डान्स’ आणि असेच काही, जिथं ती कोपऱ्यात उभी आहे आणि दिग्दर्शकाला तिचं काय करावं ते माहीत नाही. तिथं तिचे डोळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि विझलेले असतात. ते यादीत नव्हते, आताही घेत नाही.

राहिला ‘उंबरठा’. लाल गोलातला नऊ.

शांता निसळ यांची ‘बेघर’ कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. सुलभा महाजन शिकलेली, खात्यापित्या घरातली. नवरा वकील, सासूची समाजसेवा गावभर नावाजलेली. सुलभा मात्र लहान मुलीला जावेपाशी ठेवून दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघून जाते. तिथली घाण बघते, भांडते, हरते, घरी परत येते. घरी नवऱ्यानं दुसरी सोय केलेली असते आणि मुलगी तिला ओळख देत नाही. सुलभा पुन्हा बाहेर पडते. हिंदीत ‘सुबह’ नावानं तोच पुन्हा केला होता. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट.

मी का उतरवला होता नवव्या जागेवर? पानावर शेरा आहे: ‘अभिनय उत्तम पण व्यक्तिरेखा पटत नाही. एवढ्या लहान मुलीला सोडून जाईल का कुणी?’

१९८३ साली आईची बदली अक्राणी तालुक्यात झाली. धडगावच्याही पुढे, चांदसैली घाट चढून. मी नऊ वर्षांची. बाबा नोकरीमुळे हलू शकत नव्हते, मला आजीपाशी ठेवलं. तीन वर्षं. शनिवारी अर्धी शाळा करून ती निघायची ती रात्री कधी तरी पोचायची, घाटात बस बंद पडली तर पोचायचीच नाही. सोमवारी पहाटे मी उठायच्या आत गेलेली. कधी कधी मला जाग असायची. डोळे मिटून पडून ऐकायची: स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, डब्याचं झाकण, बाहेरची कडी. उठले असते तर ती थांबली असती दोन मिनिटं. मी कधीच उठले नाही. राग होता.

एकोणिसाव्या वर्षी व्हिडिओवर ‘उंबरठा’ पाहताना मी सुलभाला बघतच नव्हते. जावेच्या कडेवरून आईकडे बघणाऱ्या त्या पोरीला बघत होते. तिनं आईकडे झेप घेतली नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं, इतकं स्पष्ट आठवतंय.

फेब्रुवारीत, भंगारवाला गेल्यावर, कपाटाच्या जागी भिंतीवर उरलेला पांढरा चौकोन बघत आम्ही चहा प्यायलो. मी म्हटलं, “तेव्हा मला त्या मुलीचीच बाजू दिसायची.”

आई म्हणाली, “मलाही तीच दिसायची.”

मग बराच वेळ बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिली. तिच्या यादीत पहिला कोणता, असं विचारल्यावर उत्तर द्यायला तिनं क्षणही घेतला नाही. पण कारण विचारलं तर सिनेमाची गोष्ट सांगितली नाही. म्हणाली, “ती खुर्चीवर कशी बसते बघ. पहिल्या दिवशी त्या आश्रमाच्या ऑफिसात. पाठ टेकवत नाही. नंतर नंतर टेकवते.” मी परत लावून पाहिला. मला तरी तो फरक नेमका कुठल्या प्रसंगापासून सुरू होतो ते पकडता आलं नाही. पण पाठ न टेकवता बसलेली आई मला दिसली, धडगावच्या शाळेच्या त्या एका फोटोत, लाकडी खुर्चीच्या कडेवर.

१३ डिसेंबर १९८६ हाही शनिवारच होता. तोवर आईची बदली परत नंदुरबारजवळ झाली होती, ती दुपारी घरी आली. स्मिता गेल्याची बातमी तिला स्टँडवर कळली होती. बाळंतपणाला पंधरा दिवस झालेले, एकतीस वर्षांची. आईनं पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले आणि देवापुढं दिवा लावायची वेळ झालेली नसताना दिवा लावला. अक्का पथारीवरून थेट आमच्या ओट्यावर आली. डोक्याला फडकं तसंच, हात लालभडक. “शिरपूरनी पोर गई ना माय,” म्हणाली आणि त्याच हातांनी डोळे पुसायला गेली. आईनं तिचं मनगट धरलं. मिरचीच्या हातांनी रडायची सोय नसते.

म्हणून ‘मिर्च मसाला’ला आमच्याकडे क्रमांक नव्हता, मान होता. केतन मेहतांचा तो सिनेमा ती गेल्यावर, १९८७ साली आला. सौराष्ट्रातलं गाव, इंग्रजी अंमल, नसीरुद्दीनचा मिशाळ सुभेदार. त्याला थप्पड मारून मिरचीच्या कारखान्यात आश्रय घेतलेली सोनबाई, आणि दार लावून तिच्यासाठी उभा राहिलेला ओम पुरींचा म्हातारा राखणदार. नंदुरबारइतकी त्या कारखान्याची कदर कुठं होणार? हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर पथाऱ्या पडतात, ओल्या लाल मिरचीचे गालिचे, नजर पोचेल तिथवर. वारं फिरलं की गावाला ठसका. बायका ओळीनं बसून देठ खुडतात, तोंडाला फडकं, रात्री हातांना ताक नाहीतर तेल. तरी झोपेत बोटं पेटतात.

यंदाच्या मार्चमध्ये वर्षाचं तिखट करायला म्हणून गेले तेव्हा अक्काला घरी बोलावलं. ती आता ऐंशीच्या घरात, पथारी सुटून वीस वर्षं झाली, पण देठ खुडायला आजही तिच्याइतकं कुणी नाही. खोलीत चादरीवर पाच किलो मिरची पसरली, लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि ‘मिर्च मसाला’ लावला. अक्कानं तो कधीच पाहिला नव्हता, नुसतं ऐकून होती.

सुरुवातीला पाण्यावरच्या प्रसंगात, सगळ्या बायका घागरी टाकून पळतात आणि एकटी सोनबाई उभी राहते, तिथं अक्काचे हात थांबले. सुभेदार तिच्यासमोर वाकून ओंजळीनं पाणी पितो तेव्हा ती खुदकन हसली. कारखान्यातली पहिली दृश्यं आली आणि तिच्या चुका काढणं सुरू झालं. फडकं असं नाही बांधत. एवढा ढीग लावला तर आतली मिरची घामेजते, काळी पडते. “इतली मिरची, नि हिना डोया कोरडा?” असं तिनं दोनदा विचारलं. आईनं तिला गप्प केलं. सोनबाईचं घाबरणं मात्र तिला पटलं. पळत येऊन दाराला पाठ लावून उभी राहते ती, तिचा श्वास, गळ्याची शीर. “खरं शे,” अक्का स्वतःशीच म्हणाली.

शेवट आला. दार फुटलं, म्हातारा पडला, आणि बायकांनी सुभेदाराच्या तोंडावर तिखटाचा लाल ढग उडवला. अक्का पुढे सरकली. मला वाटलं आता टाळ्या वाजवणार. तर म्हणाली, “वारं देखीसन फेकनी पडस. नहीं तं आपलाच डोयामां जास.” वारं बघून फेकावी लागते, नाहीतर आपल्याच डोळ्यांत जाते. हसून हसून आईला ठसका लागला, की मिरचीचा लागला, ते सांगता येत नाही.

पडद्यावर हातात विळा घेतलेली सोनबाई. तो चेहरा तसाच थांबला आणि नावं सुरू झाली.

अक्का थोडा वेळ बघत राहिली. “मंग? पुढे काय व्हयनं तिनं?”

“पुढचं दाखवलं नाही,” आई म्हणाली.

अक्कानं नुसतं ‘हं’ केलं आणि सूप पुढे ओढलं. अजून निम्मी मिरची बाकी होती.